हुकं राहिली

जिन्यावरून पडून टेलरबाईंचे पाय कायमचे गेले, त्याला दोन वर्षं झाली. हात मात्र शाबूत होते. विजेच्या शिलाई मशीनचं पेडल टेबलावर घेऊन डाव्या कोपरानं दाबायला त्या महिन्याभरात शिकल्या. बाई हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हत्याच. घोडं अडायचं ते दोऱ्यापाशी.

दोरा आणायचे त्यांचे यजमान. माणूस देवासारखा, पण रंगांच्या बाबतीत अगदी ढ. त्यांच्या लेखी निळा म्हणजे निळा. बाईंनी कापडाचा तुकडा बरोबर दिला तरी ते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून रीळ उचलायचे, आणि घरी खिडकीशी धरलं की रंग भलताच निघायचा. पुन्हा पाठवायचं कुठल्या तोंडानं? खुर्ची ढकलायला तेच, भांडी घासायला तेच. बाई "चालेल" म्हणायच्या आणि आतल्या आत चरफडायच्या. काही आणायला सांगायचं विसरलं तर तेही गिळायच्या आणि जुन्या कपड्याची बटणं-हुकं उसवून नव्याला लावायच्या.

गेल्या महिन्यात शाळेतल्या मुख्याध्यापिका ड्रेस परत घेऊन आल्या. "शिलाई दिसतेय हो," एवढंच म्हणाल्या. टेलरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना त्यांनी दुसरं कापड ठेवलं, धड निळं नाही, धड हिरवं नाही. हेही बिघडलं तर ही बाई दुसरीकडे जाणार, आणि तिच्यामागून अख्खी शाळा.

त्याच आठवड्यात बॅटरीवर चालणारी खुर्ची आली. यजमानांनी आधी स्वतः बसून दोन चकरा मारल्या, कपाटाला धडकले आणि वर बायकोलाच म्हणाले, "जपून चालव हं."

"मी एकटी जाणार."

"मी नुसता मागून येतो."

"मागून येणारा माणूस नुसता नसतो. घरी बसा."

उतारावर बाईंनी जीव मुठीत धरला. वळणावर एकदा चाक भिंतीला घासलं. दोऱ्याच्या दुकानदारानं त्यांच्या मागे पाहिलं. "साहेब नाही आले?"

"नाही. मी आलेय."

त्यांनी पाच रिळं मांडीवर घेतली, खुर्ची वळवली आणि थेट बाहेर उन्हात नेली. चार बाद झाली. पाचव्याचा दोरा कापडावर ठेवला आणि तो दिसेनासाच झाला. बाईंचे डोळे भरून आले. दोऱ्यावरून रडणारं गिऱ्हाईक दुकानदारानं कधी पाहिलं नव्हतं. बिचारा पाणी घेऊन धावला.

घरी यजमान दारातच उभे होते, बहुधा मघापासून तिथेच. बाईंनी रीळ नाचवून दाखवलं, मशीनपाशी जाऊन दोरा ओवला, हुकांची डबी उघडली आणि कपाळावर हात मारला. डबी रिकामी होती.

यजमानांचे पाय लगेच चपलांत गेले. "काय राहिलं? सांग, आणतो."

दोन वर्षं या प्रश्नाला बाईंचं एकच उत्तर होतं, काही नाही.

"हुकं विसरले," त्या चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या. "चपला काढा. मी जाऊन येते."

"अगं, आत्ताच तर आलीस!"

"मग काय झालं? विसरले म्हणून परत चाललेय," बाई खुर्ची दाराकडे वळवत म्हणाल्या. "सगळे जातात तशी."