माझ्या ग्रहाचे दोन चंद्र

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये मी ज्या ग्रहावर संशोधन करते, तो कुणीच पाहिलेला नाही. तो ताऱ्याला इतका चिकटून फिरतो की तिथे लोखंडही वितळेल. ताऱ्याचा उजेड ठरावीक वेळाने किंचित कमी होतो, त्यावरून तो आहे एवढं कळतं. त्याच आकड्यांत मला आणखी दोन बारीक खाचा दिसल्या, म्हणजे ग्रहाला दोन चंद्र असणार, आणि मी हुरळून गेले. सेमिनारसाठी चित्र काढलं: काळपट लाल गोळा, निखाऱ्यासारख्या कडा, शेजारी दोन राखाडी चंद्र. नागपूरला आईलाही पाठवलं.

तिने ते छापून आणून थेट देवघरात ठेवलं.

"अगं, काल्पनिक आहे ते!"

"गणपतीला तरी कुणी पाहिलंय?" वर जाहीर करून टाकलं, "तुझे चंद्र सापडेपर्यंत मी संकष्टी धरणार."

तिला मधुमेह. डॉक्टरांनी उपास साफ बंद केलेले. मी चिडले, भांडले, फोन आपटला. पण बाबा गेल्यापासून ती घरात एकटी, मी एकुलती एक आणि तीही इतकी लांब. कुणासाठी तरी काही केल्याशिवाय तिला राहवतच नाही.

तिकडे चंद्रोदय होतो तेव्हा इथे सकाळ असते. दर संकष्टीला तिचा फोन यायचा, "दिसला गं. आता जेवते." तोवर माझं कामात लक्ष लागत नसे.

पावसाळ्यात एकदा ढगांमुळे चंद्र दिसेना. वाट बघता बघता ती गच्चीतच चक्कर येऊन पडली. शेजारच्या काकूंनी मला फोन केला. त्या दिवसापासून मला ते चंद्र पीएचडीपेक्षा तिच्या जेवणासाठी हवे होते. दुसऱ्या दुर्बिणीच्या नोंदी मागवल्या, महिनोन् महिने त्याच तपासत बसले. त्यांत खाचा नव्हत्याच.

"इन्स्ट्रुमेंटचा घोळ आहे यार," माझ्या लॅबमधला पुण्याचा मित्र म्हणाला. "चंद्र कॅन्सल कर."

इतक्या जवळच्या ग्रहाचे चंद्र टिकतच नाहीत, ताऱ्याची ओढ त्यांना हिरावून नेते. मला हे माहीत होतं. तरी फार वाईट वाटलं.

पुढच्या संकष्टीला बर्फात, बसस्टॉपवरूनच मी तिला फोन लावला. एका गोष्टीचा मात्र आनंद होता, आता हा उपास तरी सुटेल.

"आई, चंद्र नाहीत. आता जेवून घे."



"दोन्ही नाहीत?"

"दोन्ही."

"म्हणजे तो तिथे एकटाच आहे?"

"हो."

"मग असू दे चित्र देवघरात. उपासही असू दे. त्याचं दुसरं कोण आहे गं?"

तिकडे चंद्र उगवायला अजून वेळ होता.