जळकोटच्या वरातीतला पुरावा

सकाळच्या एसटीनं धाराशिव सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर गुलाबजामचा डबा होता आणि डोक्यात सूड. मी आदल्या रात्रीच पुण्याहून आलो होतो. तिथे माझी मुलगी सई ज्या फंक रॉक बँडचं पोस्टर भिंतीवर लावून बसली आहे, त्या बँडमध्ये मी कधीकाळी बेस गिटार वाजवायचो. हे सांगितल्यावर ती इतकी हसली की बायकोलाही हसू आवरेना. "पुरावा आण," सई म्हणाली.

पुरावा जळकोटला होता, एका लग्नाच्या व्हिडिओत. नाव व्हायच्या आधी आम्हाला मंचावर कोणी उभं करत नव्हतं, म्हणून आम्ही लग्नाच्या वराती वाजवायचो. पुढे जनरेटरची गाडी, मागे आम्ही. गायक इकडच्याच तेर गावचा, कामं त्याच्याच ओळखीनं मिळायची. पुढे मी बँकेत लागलो आणि त्यांचं नाव झालं. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं ते म्हणतात.

तुळजापूरला बस बदलताना पाक पँटवर सांडला. शेजारच्या आजोबांनी तो नीट न्याहाळला.

"गुलाबजाम व्हय? ऱ्हायलेत का काही?"

दोन दिले.

जळकोटला त्या लग्नाचं शूटिंग करणारे सिद्धार्थभाऊ भेटले. त्यांनी आधी भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) झणझणीत आमटी खाऊ घातली, मगच कॉम्प्युटर लावला. वरात दिसली, आम्हीही दिसलो, पण ऐकू येत होती भलतीच सनई.

"भाऊ, आमचं वाजवणं कुठं गेलं?"

"ते काढलं की. समद्याच वरातीवर आमी सनई टाकतो. बँडचा आवाज कोण ऐकतंय घरी?"

तेवढ्यात गुलाबाच्या पाकळ्यांच्या चौकटीत मी उगवलो. खांद्यापर्यंत केस, डोळे मिटलेले, अगदी बेभान. भाऊंनी चित्र थांबवलं.

"साहेब, ही वायर तुमची का?"

गिटारची वायर मातीत लोळत होती. जनरेटरची गाडी पुढे सरकताना निघाली असणार. जळकोट माझ्या चालीवर नाचलं होतं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो होतो. मला खरंच वाईट वाटलं.

"कापू का तेवढं?" भाऊंनी हळूच विचारलं.

"कापल्यावर मी कुठं उरतो का?"

"न्हाय. तुमी तेवढ्यातच हाय."

मग तसंच पेनड्राइव्हवर घेतलं आणि पुण्याला परतलो. येताना डबा रिकामाच होता.

सईनं व्हिडिओ तीनदा पाहिला, चित्र मोठं करून करून.

"बाबा, तुझी वायर."

"हो."

"म्हणजे हे खरं आहे."

"कशावरून?"

"तू बनवून आणलं असतंस, तर वायर लावून आणलं असतंस."

माणूस आपली फजिती लपवायला केवढी धडपड करतो, आणि माझ्या बाजूनं ती फजितीच एकटी साक्ष द्यायला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पोस्टरवरच्या चौघांशेजारी सईनं काळ्या पेननं पाचवा माणूस काढला होता. केस खांद्यापर्यंत, डोळे मिटलेले. वायर पोस्टरबाहेर, भिंतीवरून पार खाली, दिव्याच्या बटणापर्यंत लोळत गेली होती.