शेजारच्या प्लॉटवरची दोरी

माणसं कुठे दाटीनं राहतात आणि कुठे फिरकत नाहीत, हे आमच्या मामेसासऱ्यांइतकं आख्ख्या बेंगळुरूत कुणाला कळत नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगतात. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून हयात गेली, पण खरा जीव वस्ती मोजण्यात. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी गच्चीवर जाऊन आजूबाजूच्या दोऱ्यांवरचे कपडे मोजणार, मग पानावर बसणार. एकदा तिथल्या शिवाजीनगरच्या भर बाजारात मला उभं करून त्यांनी अर्धा तास समजावलं, की बसस्टँड आहे म्हणून दुकानं, दुकानं आहेत म्हणून कारागीर, आणि कारागीर आहेत म्हणून वर माळ्यांवर बिऱ्हाडं. मागून हातगाडीवाला "स्वल्प साइड, अण्णा" म्हणत होता. त्यालाही त्यांनी पुराव्यात धरलं.

या ज्ञानाच्या जोरावर निवृत्तीनंतर त्यांनी जयनगरचं भाड्याचं घर सोडलं आणि देवनहळ्ळीच्या पुढे एका नव्या लेआउटमध्ये बंगला बांधला. विमानतळ जवळ, बोअरला पाणी, रस्ता रुंद. दोन वर्षांत इथे पाय ठेवायला जागा उरणार नाही, असं भाकीत. प्लॉट झाडून सगळे विकले गेलेही. राहायला मात्र कुणी आलं नाही, कारण घेणाऱ्यांनी ते पुढे विकायलाच घेतले होते. हाल झाले मामींचे. जयनगरला समोरच्या अक्कांशी खिडकीतूनच कोथिंबिरीची देवाणघेवाण करणारी बाई ती. इथे बोलायला कुंपणावरचे सरडे. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत एक तरी शेजारी आणा. नाहीतर मी जयनगरला जाते, तुम्ही बसा मोजत."

मामा घाबरले, पण गप्प बसतील तर मामा कसले! वस्ती दिसली की वस्ती येते, असं म्हणून त्यांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दोरी बांधली आणि रोज तिच्यावर आपले जुने शर्ट, मामींच्या साड्या, नातीचे लहानपणचे फ्रॉक वाळत घालू लागले. दिवाळीला आठ दिवस उरले असताना खरंच एक जोडपं पलीकडचा प्लॉट बघायला आलं, आणि तेही राहण्यासाठी. मी त्या दिवशी तिथेच होतो. मामींनी लगबगीनं चहा टाकला. त्या बाईंनी दोरीकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, इथे बरीच गर्दी दिसते, आपल्याला शांत जागा हवी होती ना. चहा उकळायच्या आत त्यांची गाडी वळली.

मला हसू फुटलं, पण मामांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. त्यांनी एकेक कपडा काढला, फ्रॉकच्यासुद्धा नीट घड्या केल्या आणि मामींपुढे येऊन उभे राहिले. "पाणी पाहिलं, रस्ता पाहिला," ते म्हणाले. "तुला विचारायचं राहिलं."

आता दोघं जयनगरला दोन खोल्यांत राहतात. मामी खिडकीत असतात, मामा गर्दीला नावं ठेवतात. दर रविवारी मात्र ते बस धरून देवनहळ्ळीला बंद बंगल्यातल्या कढीपत्त्याला पाणी घालायला जातात. परवा मीही गेलो होतो. निघताना त्यांनी नळाखाली एक जुना शर्ट भिजवून पिळला आणि स्वतःच्याच अंगणात वाळत घातला.

"कुणी राहतंय असं वाटलं पाहिजे," माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि फाटक लावून घेतलं.