बोटीची नळी

तापलेल्या लोखंडावर तेल जळल्याचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. त्या दुपारी आम्ही दोघं रेवदंड्याहून बर्फाचा ट्रक घेऊन निघालो होतो. गिअरबॉक्सचं तेल गार ठेवायला यांनी मेस्त्रीकडून वेगळा कूलर बसवून घेतला होता, आणि त्याची नळी सकाळीच फुटली. तसली नळी दुकानात मिळेना, म्हणून बंदरावरच्या ओळखीच्या तांडेलाने आपल्या मच्छीमार बोटीच्या इंजिनाची काढून दिली. बोटीत ती समुद्राच्या पाण्याने गार राहते. आमच्या ट्रकमध्ये ती सायलेन्सरला टेकली होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चढावर ती वितळली, तेल तापल्या सायलेन्सरवर गळलं आणि केबिनमध्ये निळा धूर शिरला. यांनी इंजिन बंद केलं. हँडब्रेक नावालाच होता. "इकडं सरक, ब्रेक दाबून धर," म्हणाले, आणि बर्फावरचं ओलं गोणपाट ओढून गाडीखाली शिरले. इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा कडक झाला होता. धुराने डोळे झोंबत होते, बाहेर उडी मारावीशी वाटत होती. "आग लागली का हो?" मी ओरडले. खालून आवाज आला, "पाय हालवू नको. मी चाकाजवळच हाय." मग चर्र झालं, आणि पुढे काहीच ऐकू येईना. मी हाका मारत राहिले. शेवटी दारात तेलाने काळा झालेला चेहरा दिसला. "दगड लावलाय. काढ आता पाय." पाय निघेना, यांनीच घोटा धरून तो उचलला. काल शेजारच्या गॅरेजमधून तोच वास आला. मी ओट्याशी भाकरी थापत होते, आणि उजवा पाय फरशीवर घट्ट रोवला गेला. हे समोर बसून चहा पीत होते, तरी मी तो उचलला नाही.