पांगाऱ्याचा गाडा

कोंडाजी सुतार नांगर करायचा, जू करायचा, मोठाले बैलगाडे करायचा, पण त्याचं नाव झालं ते पोरांच्या गाड्यांपायी. नवलाख उंबरे गावाच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या बुडाशी त्याचं गाव. गावातले झाडून सारे गाडे त्याच्या हातचे. तरी सुगीला बलुतं मागायला गेला की माणसं हात आखडायची, औंदा पीक कुटं धड आलं म्हणायची. हा आपला गुमान मिळंल तेवढं उचलायचा. पोरांचं मातर तसं नव्हतं. पोरं त्याच्या पडवीत गुळाला माश्या लागाव्या तशी लागलेली असायची.

पांगाऱ्याचं लाकूड म्हंजी हलकं, भुसभुशीत. इमल्याला चालंना, चुलीत घातलं तर नुसता धूर. म्हणून त्याला कुणी इचारीत न्हाई. कोंडाजी ते उचलून आणायचा आन त्याचा वीतभर लांबीचा गाडा करायचा. दोन गोल चाकं, मधी बाभळीची काडी, फुडं दांडी आन दांडीला सुंभ. चाकाचं भोक मुद्दाम सैल ठेवायचा, म्हंजी गाडा वढला की कुई-कुई करायचा. पोरांना तर तेच पायजे असायचं. सगळ्या आळीत दिसभर तेच गाणं चालायचं.

एकदा शेजारची बयाबाई कावली. म्हणाली, "कोंडाजीभाऊ, त्या चाकाला जरा तेल तरी घाला. कान किटले माझे."

"तेल घातलं तर ते मुकं व्हईल," कोंडाजी म्हणाला, "मग तुमचा नथू भोकाड पसरंल. कुणाचं ऐकायचं ते तुमीच ठरवा."

बयाबाई आल्या पावली माघारी वळली. नथू आधीच रडक्या तोंडाचा.

कोंडाजीचा एकुलता एक ल्योक सोपान. तो लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात लागलेला. मानमोडीच्या तापाची साथ आली तवा सोपानची बायको गेली आन मागं हौसा ऱ्हायली, अंगावर पिणारी न्हाई पण धड चालतीबी न्हाई एवढीशी. शेडात पोर कोण बगणार? सोपाननं ती आणून बापाच्या वटीत घातली. कोंडाजीची म्हातारी तर कवाच गेलती. मग काय, हा तासत बसला की पोर ढलप्यांत खेळायची, ढलप्यांतच झोपायची. तिच्या केसातनं ढलप्या काढायच्या आन मग भाकरी खायची, असं दोघांचं चाललेलं.

चवथ्या वर्साला सोपान सुट्टीवर आला तो लेकीसाठी मोटार घेऊन. पत्र्याची, तांबडीभडक, चावी दिली की आपली आपण पळायची. लोणावळ्याच्या बंगल्यांत ममईचे शेट उतरायचे, त्यांच्या पोरांपाशी त्यानं ती बगितलेली. पोटाला चिमटा घेऊन तशीच मागवली. सारं गाव बगायला जमलं. सोपाननं चावी दिली, मोटार सारवलेल्या भुईवर हातभर पळाली आन पोपड्याला अडून घरघरत बसली. दोनदा पळवली, तिसऱ्यांदा हौसानं ती उचलली, आज्याच्या गाड्यात घातली आन निघाली वढत.

सोपान म्हणाला, "अगं, कुटं निघालीस?"

"मोटार आजारी हाये. दवाखान्यात न्हेती."

माणसं खदाखदा हसली. सोपानबी हसला, पण त्याचं तोंड उतरलं ते उतरलंच. जाताना बापाला म्हणाला, "आबा, तुमी फुकटात पोरगी जिंकली." कोंडाजीनं मान खाली घातली. पण मनातनं तो लय सुखावलाता. सोपानला वाटंला लावून आला आन हौसाला त्यानं नवा गाडा केला, आदीच्यापरीस मोठा.

त्याच वर्साच्या वैशाखात मरी आली.

शेजारच्या गावात आदी दोन मेली, मग हितं. सकाळी धडधाकट माणूस, दुपारी डोळं खोल, सांजच्याला तिरडी. दत्तोबा पाटलाचा धाकटा भाऊ गेला तवा पाटलानं चावडीवर माणसं बोलावली आन मरीआईचा गाडा काढायचं ठरलं. गाडा म्हंजी काय, एक लहान लाकडी गाडा करायचा, त्यात हिरव्या बांगड्या, खण, कापडाची बाहुली, लिंबू आन दहीभात ठिवायचा, आन दिवेलागणीला वाजतगाजत वढत न्हेऊन शिवंवर वड्याकाठी सोडायचा. माघारी बगायचं न्हाई. फुडल्या गावानं तो त्यांच्या शिवंपल्याड लोटायचा. असं करत करत मरी मुलुखाबाहेर जाती. पण कुणी तो गाडा उलटा गावात आणला, तर मरीबी त्याच्या संगं माघारी येती.

गाडा कुणी करायचा? सुतारानंच. आन त्याची रीत कडक. न्हाऊन, वल्या धोतरानं, उपाशी, एका दिसात करायचा आन काम उरकंस्तवर त्वांडातनं अक्षर काढायचं न्हाई. आनखी एक, मरीचं नाव पोरांफुडं घ्यायचं न्हाई. नाव घेतलं की ती वळून त्या पोराकडं बगती म्हणतात. त्यापायी गावातल्या एकाबी पोराला कुणी काय सांगितलं न्हाई. सांज झाली की पोरं घरात कोंडायची, संपलं.

कोंडाजीनं हौसाला बयाबाईकडं धाडली आन दार लावून कामाला बसला. घरात लाकूड कोणतं, तर पांगारा. पोटात कायबी न्हाई, बोलायचं न्हाई, डोक्यात नुसती मेलेल्यांची तोंडं. अशा येळी माणूस काम करत न्हाई, हात करतो. आन त्या हाताला एकच लहान गाडा ठावा. तसाच गाड्याचा साटा झाला, तशीच चाकं झाली, आन चाकाचं भोकबी सैल पडलं. त्याच्या ध्यानातबी आलं न्हाई.

दिवेलागणीला गाडा निघाला. फुडं हलगी, मागं माणसं. बयाबाईच्या बंद दाराआड हौसानं हलगीच्या आवाजातनंबी ती कुई-कुई वळखली. म्हणाली, आबांचा गाडा चाललाय. बयाबाईनं तिच्या तोंडावर हात ठिवला. का ठिवला ते सांगितलं न्हाई. सांगणार तरी कसं?

रातीच हौसाला घरी आणलेली, आन सकाळी कोंडाजी थकून पडलेला. उठला तवा अंथरुणात पोर न्हाई. असंल बयाबाईकडं, म्हणून त्यानं चूळ भरली. आन तवाच आळीच्या त्वांडाला आवाज आला. कुई-कुई, कुई-कुई. सावकाश, मजेत येत व्हता. साऱ्या आळीत दुसरा आवाज न्हाई. बायका दारात आल्या त्या जागच्या जागी थिजल्या, पोरांना वढून आत घेतलं, कड्या लागल्या. हौसा मधनं चाललेली. हातात हिरव्या बांगड्या कोपरापातूर चढवलेल्या, काखंत बाहुली, ओठाला दह्याचा डाग, आन मागं गाडा.

कोंडाजीला बगून तिचं तोंड फुललं. "आबा, ह्यो तुमी वड्याकाठी इसरला व्हता," ती म्हणाली. "मी आणला."

तो पायरीवरच बसला.

माणसं जमली, लांबूनच. कोंडाजी म्हणाला की मीच तिला आणायला सांगितलं, काय करायचं ते माझं करा. दत्तोबा पाटील वाईट माणूस नव्हता. भावाचं सुतक अंगावर व्हतं, डोळं सुजलेलं. तो म्हणाला, "कोंडाजी, खोटं बोलू नगंस. पोर अजाण हाये, मला कळतंय. पण मी कुणाकुणाला जाळू, सांग." आन मग ठरलं. गाडा, पोर आन आजा, तिघंबी शिवंभाईर. मरी जाईस्तवर आत पाय टाकायचा न्हाई.

शिवंवर एक जुनी राखणीची खोप व्हती. बयाबाईनं रडत रडत भाकरीचं गठुळं आन वाकळ लांबून फेकली. पल्याडच्या गावची माणसं काठ्या घेऊन त्यांच्या हद्दीत हुबी. हात लागलेला गाडा आमाला नगं म्हणाली. म्हंजी म्होरंबी वाट न्हाई, मागंबी न्हाई. मधी तेवढी खोप.

हौसाला काय त्याचं? तिला वाटलं आबानं रानात खेळायला आणलंय. दिसभर तिनं तो गाडा वढला. बाहुलीला सासरी न्हेली, माघारी आणली. कोंडाजीच्या मनात आलं, तो गाडा मोडून टाकावा. उठलाबी. मग वाटलं, दहीभात तर पोटात गेला, बांगड्या हातात चढल्या, आता मोडून काय व्हतंय. खेळू दे. आन तो बगत बसला. आपल्या हातचं लाकूड पोरांना गोड लागतं, ह्याच एका गोष्टीचा त्याला आयुक्षभर अभिमान व्हता, आन आज त्याच गोष्टीनं पोरीला हितं आणून बसवलं.

दुसऱ्या दिशी उजाडता उजाडता पोरीला जुलाब लागलं. एकदा, दोनदा, मग गणती न्हाई. ओकाऱ्या. हातापायाला गोळं. तळेगावला सरकारी दवाखाना व्हता, पण तितवर वाट लांबची. गाडा जुंपला तर बरं, चालत न्हेली तर देव जाणं. कोंडाजी शिवंच्या दगडापाशी हुबा ऱ्हायला आन गावाकडं त्वांड करून हाका मारू लागला. एकेकाचं नाव घेऊन. पाटील, तुमच्या गाड्याचा कणा मी औंदाच घातला. मारुती, तुझी चाकं माझ्या हातची. बजरंगा, तुझं तर जूबी मीच केलं, एवढा गाडा दे, मी बैल हाकतो, तू नगं येऊस.

कुणाचं दार उघडंना. बजरंगनं मातर बैल जुंपले. निम्म्या वाटंवर आला तवर त्याची म्हातारी पळत आली आन चाकाफुडं आडवी पडली. म्हणाली, जा माझ्यावरनं. बजरंगनं बैल वळवले. वळवताना रडत व्हता म्हणतात. पण वळवले.

मग कोंडाजीनं पोरीला वाकळंत गुंडाळली, खांद्यावर टाकली आन आडवाटंनं निघाला. ऊन तापलेलं. तिचं वजन पांगाऱ्यासारखं झालेलं. मधीच ती खांद्यावरनं म्हणाली, "आबा, गाडा तितंच ऱ्हायला?"

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "येताना घेऊ."

"कुणी न्हेईल."

"त्याला कोण हात लावतंय, बाळा."

तळेगावची झाडं दिसायला लागली तवा त्याला वाटलं पोर निजली. तरी तो चालतच ऱ्हायला. दवाखान्याच्या दारात उतरवून घेतली तवा तितल्या माणसानं नुसती मान हलवली. सोपानला निरोप गेला, तो गाडीनं आला. बाप-लेकानं मिळून तिला माती दिली. सोपान बापाला संगं लोणावळ्याला घेऊन गेला, पण एका शब्दानं त्याला बोलला न्हाई. बोलला असता तर बरं झालं असतं.

आन फुडं काय झालं? मरी गेली. हौसा गेली त्याच्यानंतर गावात कुणी मेलं न्हाई. मरी आपल्या पायानं आली, आपल्या पायानं गेली असंल. पण गावानं म्हटलं, पोरीनं साऱ्यांचं अंगावर घेतलं, देवीच व्हती ती. खोपीच्या जागी दगड मांडला, शेंदूर फासला, हौसाई नाव ठिवलं. बाया लेकरांची डोकी त्या दगडाला टेकवाया लागल्या. दत्तोबा पाटील चार माणसं घेऊन लोणावळ्याला गेला. कोंडाजीला म्हणाला, चला घरी, सारं गाव तुमच्या पाया पडंल.

कोंडाजी म्हणाला, "पाटील, ती देवी न्हाई. माझी नात व्हती. एक गाडा जुंपला असता, तर दगड मांडायची पाळी आली नसती."

चहा घेऊन माणसं माघारी गेली.

कोंडाजी लोणावळ्यालाच ऱ्हायला, रेल्वेच्या चाळीत, लेकाच्या खोलीत. हत्यारं गावाकडंच. दिसभर वट्यावर बसायचा. चाळीतल्या पोरांना वास लागला का काय कुणास ठाऊक, पोरं त्याच्याभवती गोळा व्हायची, तो काय बोलत नसला तरी. एक दिस खालच्या खोलीतली रजनी, चार-पाच वर्सांची, खोक्याची फळी घेऊन आली. तिच्या बापानं तिला कधीतरी सांगितलेलं की ह्यो म्हातारा सुतार हाये.

"आजोबा, मला ह्याचा गाडा करून द्या ना."

त्यानं फळी हातात घेतली, उलटीपालटी केली, आंगठ्यानं कड बगितली. मग तिच्या हातात परत दिली.

"मला येत न्हाई, बाळा," तो म्हणाला. "मी कधी केलाच न्हाई."

सोपान दारात हुबा व्हता. त्यानं ऐकलं, आन आत गेला.