तुळशीदास ‘हो’ म्हणाला तेव्हा

मढच्या कमळने नवऱ्याला भर लिंक रोडवर टेम्पोत कोंडलं, चावी पोलक्यात खोचली आणि टेम्पोतली मासळी परस्पर विकून टाकली, ही बातमी त्या दिवशी टेम्पोच्या आधी गावात पोचली. जेटीवर बातमीला एक थोबाडीत जोडली गेली. पिठाच्या गिरणीत नवऱ्याला पापलेटाने मारल्याचं ठरलं, आणि चर्चच्या गल्लीत येईपर्यंत दोघांच्या घटस्फोटाचा वकीलसुद्धा पक्का झाला होता. मला पापलेटवाली आवृत्ती फार आवडली. फक्त सांगणाऱ्याने पापलेटाचा भाव लक्षात घेतला नव्हता. कोळीण नवऱ्याला मारायचंच म्हणाली तर बांगड्याने मारेल.

लोकांचा विश्वास बसला, कारण या जोडप्याचं भांडण अख्ख्या गावाला पाठ. तुळशीदासचा टेम्पो गावातल्या बायकांची मासळी मरोळच्या बाजारात नेतो; बायका मागे टोपल्यांजवळ आणि कमळ पुढे त्याच्या शेजारी बसते. मढ सुटलं की भांडण सुरू, मरोळ आलं की बंद. तुळशीदास जन्माचा नाही म्हणणारा. कोणी ‘उकडतंय’ म्हणालं तर हा सदरा पिळत विचारेल, ‘कुठे उकडतंय?’ लग्नात भटजी ‘सावधान’ म्हणाले तेव्हाही हा ‘कशाला?’ म्हणाला होता, असं त्याची सासू सांगायची. सासूचं जावयाबद्दलचं बोलणं आहे, तुम्ही निम्मं धरा. मी सगळं धरतो.

तर ही गोष्ट अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची. श्रावणापासून आदल्या दिवसापर्यंत वरण-भातावर काढलेली मुंबई त्या सकाळी माशावर तुटून पडते. कोळणींसाठी वर्षातल्या मोठ्या दिवसांपैकी एक. सगळ्यांची म्होरकी सुगंधा निघतानाच बजावून बसली होती, “तुळशीदास, आज बाजार चुकला ना, तर उद्यापासून आमच्या टोपल्या हर्षदच्या टेम्पोत.” हर्षदचा टेम्पो नवा, त्याला गाणी वाजवायचा मोठा डबा आणि हर्षदला मिशी.

तुळशीदास रात्रभर होडीतून लोकांचे गणपती समुद्रात पोचवत होता. उजाडताना बोटी लागल्या, तसा तो थेट टोपल्या भरायला उभा राहिला. कमळने विचारलं, “झोपलास काय रं?”

“झोपलो की.”

कुठे, कधी, ते तिने विचारलं नाही. घाई होती.

मार्वे रोडवर भांडण नेहमीसारखं रंगलं. मालाड मागे पडलं आणि तुळशीदासने जांभई दिली. मग दुसरी. मग काच खाली घेतली, रेडिओ मोठा केला आणि डोळे मनगटाने चोळले. थोड्या वेळाने म्हणाला, “मालाड आलं नाय अजून?”

मालाड तर आत्ताच त्याने स्वतः चालवत पार केलं होतं. कमळ त्याच्याकडे बघायला लागली. टेम्पो हळूच डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेला आणि परत आला, झोळीतल्या पोरासारखा.

तिने मुद्दाम काडी टाकली. “तुझ्या भावाची बोट तुझ्यापेक्षा भारी.”

“हो.”

त्याच्या तोंडून हा शब्द कमळने कधी ऐकला नव्हता. तरी खात्री करून घ्यावी म्हणून तिने सगळ्यात मोठं अस्त्र काढलं. “आणि कालवण माझी आईच करायची. तुझ्या आईला जमलंच नाय कधी.”

“हो,” तुळशीदास म्हणाला.

“टेम्पो बाजूला घे.”

“हो,” म्हणाला, आणि टेम्पो होता तसाच चालत राहिला. समोर बेस्टची बस थांबलेली.

कमळने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण आठवडाभर राहिली. ब्रेक लागला. बसच्या मागे लिहिलेलं अगदी बारीक अक्षर वाचता येईल, इतक्या जवळ टेम्पो उभा राहिला.

गोरेगावच्या पुढे एका मोठ्या सोसायटीच्या गेटाशेजारी, झाडाच्या सावलीत तिने टेम्पो लावायला लावला आणि चावी काढून घेतली.

“अगो, तोंडावर पाणी मारतो, कटिंग पितो, चल. बघ, आता जागा झालो ना, भांडतोय ना तुझ्याशी.”

“हे भांडण नाय, बडबड आहे. झोप.”

“बायकांचा बाजार जाईल.”

“जाऊ दे. बायका नाय गेल्या पायजेत.”

तो उत्तर शोधता शोधता घोरायला लागला.

मागून सुगंधा उतरली ती पदर खोचूनच. “कमळे, येडी झालीस? बर्फ पाणी व्हायला लागलाय. चावी दे.”

“नाय देत.”

“मग उद्या हर्षद.”

“उद्याचं उद्या. आज मालाचं बघ.” आणि कमळने टेम्पोचं मागचं फळकं खाली पाडलं, पहिली टोपली फुटपाथवर उतरवली, वरचं ओलं गोणपाट उचललं आणि अशी हाळी दिली की वरच्या मजल्यांवरची कबुतरं उडाली.

वॉचमन धावत आला. “यहाँ धंदा नहीं करने का.” त्याच्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर अर्ध्या चड्डीत खाली उतरले, तक्रार करायच्या तयारीने. त्यांनी टोपलीत वाकून पाहिलं. सुरमई होती, ताजी, डोळे चकचकीत. सेक्रेटरींचा आवाज एकदम मऊ झाला.

“ताई, कापून मिळेल ना?”

मग काय यार, सोसायटीच रिकामी झाली. कोणी पिशवी आणली, कोणी पातेलं, एका काकूंनी तर गणपतीच्या प्रसादाचा डबा विसळून आणला. सुगंधा मासे कापायला कोयत्यावर बसली ती मान वर करेना. बाजारात घाऊक जायचा माल इथे किरकोळ भावाने चालला होता. शेवटच्या मांदेलीवरून दोन बायकांची जुंपली, ती वॉचमनने सोडवली आणि मांदेली स्वतः नेली.

तुळशीदास उठला तेव्हा फुटपाथ धुऊन झाला होता. तो मागे गेला, रिकाम्या टोपल्या बघितल्या. “मासळी कुठाय?”

“विकली.”

“कितीने?”

कमळने भाव सांगितला.

“थापा मारू नको. एवढा भाव कोण देतो? आणि सुरमई तर एवढी बरी पण नव्हती.”

कमळने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं, चावी त्याच्या हातावर ठेवली आणि टोपल्यांवर बसलेल्या बायकांना सांगितलं, “चला गो, हा उठला.”

दुसऱ्या दिवशी हर्षद जेटीवर मिशीला पीळ देत उभा होता. सुगंधा त्याच्यासमोरून गेली आणि आपली टोपली तुळशीदासच्या टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढवली.

आता खरं काय ते. तुळशीदासला गाडी चालवताना झोप येत होती. कमळने ते ओळखलं, टेम्पो बाजूला घेतला आणि त्याची झोप होईपर्यंत चावी दिली नाही. टेम्पोचं दार उघडंच होतं.