हरणाबाईचं दुसरं बाळंतपण

हरणाबाईचं पहिलं लेकरू सहा दिवस जगलं. मुठीएवढं होतं. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना झालं. दुपारी सासऱ्यांनी, धुळाआप्पांनी, त्याला कापडात गुंडाळून ओढ्याकडं नेलं. नवरा कृष्णात तेव्हा पठाणकोटला पलटणीत होता. त्याला नुसतं पत्र गेलं.

आष्ट्याच्या शिवारात, उसाच्या मधोमध त्यांचं घर. सासू नव्हती, जाऊ-नणंद नव्हती. आप्पांना ऐकू कमी यायचं, आणि बोलणं त्याहून कमी.

चौऱ्याहत्तर साली कृष्णात सुट्टीवर येऊन गेला आणि दोन महिन्यांत हरणाबाईला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. सांगणार कुणाला? पत्र पोस्टमन लिहून द्यायचा. त्या परक्या माणसासमोर ती एवढंच म्हणाली, "इकडं समदं बरं हाय म्हणून लिवा."

चार पावलं चाललं की धाप लागायची. उसातलं तण भांगलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. त्यात मातीची ओढ लागली. आप्पा रानात गेले की ती चुलीच्या कडेची भाजकी माती मोडून खायची आणि पदरानं तोंड पुसायची.

तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, हाजराबी, वस्तीवर आल्या. त्यांनी हरणाबाईची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली.

"माती खाता?"

हरणाबाईनं मान खाली घातली.

"लाजू नका. अंगात रक्त कमी पडलं की होतं असं. पहिल्या खेपेलाही होतं?"

"व्हय." मग तिनं विचारलं, "माझ्यामुळंच गेलं का वं ते?"

"न्हाई बाई. का गेलं ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई. पण या लेकराला तुमच्याच रक्तावर वाढायचंय. ते आत्तापासूनच भरून काढू." त्यांनी तांबड्या गोळ्यांची पुडी दिली. "रोज एक, जेवल्यावर. चहासंगं नको."

चौथ्या दिवशी परसाकडं काळंकुट्ट झालं. हरणाबाईला वाटलं, आतल्या आत काही नासलं की काय? आप्पांना असलं विचारता येत नव्हतं. दोन दिवस तिनं गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी तीन मैल चालत, वाटेत दोनदा बांधावर टेकत, ती आष्ट्याला गेली. दवाखान्यात बायका आपापल्या आया-सासवांबरोबर बसल्या होत्या. ती कडेला एकटीच उभी राहिली.

हाजराबींनी सगळं ऐकून घेतलं. "लोहाच्या गोळीनं तसं होतंच. भ्यायचं काही न्हाई. मी आधी सांगायला पायजे हुतं. चुकलं माझं."

इतक्या मऊपणानं तिच्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. घरी येताना ती बांधावर बसून पोटभर रडली. मग उठली, घरी येऊन जेवली आणि गोळी घेतली.

पुढं दर महिन्याला ती पुडीसाठी चालत जायची. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी रोज ताटात घ्यायची. धाप हळूहळू कमी झाली. मातीची ओढ कधी गेली ते तिलाही कळलं नाही.

दिवस भरल्यावर मुलगी झाली, सहा पौंडांची. सुईण राहीबाईनं तिला पालथी धरली तशी ती अशी टाहो फोडून रडली की अंगणात बसलेल्या आप्पांनीही मान वर केली.

"लेक झाली," राहीबाईनं ओरडून सांगितलं.

"ऐकलं की," आप्पा म्हणाले.

पोरगी दहा महिन्यांची असताना कृष्णात आला. अनोळखी माणूस पाहून ती आईच्या गळ्याला बिलगली. जेवताना त्यानं विचारलं, "लय तरास झाला का गं?"

"न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

महिन्याभरानं तो परत निघाला, तेव्हा पोरगी भिंतीला धरून उभी राहायला लागली होती.